चाळीस पानं उरलीत

आज तीन फेब्रुवारी,
आणि माझ्या दैनिक मननात अजून एकोणीस ऑगस्ट चालू आहे.
दिवसाला एक पान: वर वचन, मध्ये दाखला,
तळाशी दोन ओळींची प्रार्थना.
कोल्टनचा हात मोडला त्या आठवड्यात मागे पडले,
मग गव्हाची कापणी, मग सासूबाईंचं खुब्याचं हाड,
मग नुसतीच पडत गेले मागे.
बाहेर कॅन्ससभर बर्फ, आणि पुस्तक सांगतंय
उन्हात पाण्याचं भांडं भरून ठेवा, तहानलेलं कुणी येईल.
बरं म्हणते.
काचेवरचं हिव खरवडायला घेते.

नऊ नंबरची पिवळी बस माझी.
पहाटे साडेपाचला तिला जागं करायचं,
मग उन्रूंची तीन, श्रागांची दोन,
ओढ्यापलीकडचं ते न बोलणारं पोर.
दुपारी शाळेची घंटा होण्याआधीची वीस मिनिटं
तेवढी माझी.
हीटर, थर्मासमधली कॉफी, कादंबरी.

चर्चच्या तळघरातल्या कपाटातून आणते मी त्या.
सगळ्यांत एक विधवा, एक घोडेवाला,
एक वादळ, ज्यात दोघं एकाच गोठ्यात अडकतात
आणि रात्रभर अंतर राखून बोलतात.
चुंबन शेवटून तिसऱ्या पानावर, तेही प्रार्थनेनंतर.
कुणाच्या पोरांना उवा होत नाहीत.
सिंकमध्ये भांडी नसतात.
डेल विचारतो, शेवट माहीत असताना वाचतेस कशाला?
मी म्हणते, मग तू गहू का पेरतोस?
तो म्हणतो, गव्हाचा शेवट गारांना माहीत असतो, मला नाही.
तेही खरंच.

या खेपेला मागच्या खिशातलं कार्ड
सहज ओढून पाहिलं.
माझ्या नावाच्या वर आर्डिथ गोअरिंग.
तिच्या वर आर्डिथ गोअरिंग.
त्याच्याही वर. सात वेळा, एकाच निळ्या शाईत,
अक्षर दर वर्षी थोडं अधिक कापरं.
आर्डिथ, जिने दहा आज्ञा पट्टीच्या धाकाने घोकून घेतल्या,
जिने चर्चमधल्या गिटारवर लेखी हरकत घेतली,
जिने नुसतं पाहिलं तरी माझी पोरं
नाड्या बांधायला खाली वाकतात.
ती, आणि हा घोडेवाला!
रिकाम्या बसमध्ये मोठ्यानं हसले मी.
मग तारखा वाचल्या.
पाच फेब्रुवारी. पाच. सहा. पाच. पाच.
एकदा चार; पाचला रस्ते बंद असतील.

पाण्याच्या टाकीपलीकडे रेल्वे रस्ता ओलांडते
तिथे मी रोज बस थांबवते. कायदाच आहे तसा.
दार उघडायचं, दोन्ही बाजूंना कान द्यायचा.
मी कायद्यापेक्षा थोडी जास्त थांबते.
हार्लन गोअरिंगचं नाव तिथे कुणी काढत नाही,
न बोलणारं पोरसुद्धा तेवढं समजून असतं.

पान एकशे अठ्ठ्याऐंशी.
चुंबन नाही तिथे, वादळ नाही.
तो उशिरा घरी येतो, टोपीवर बर्फ,
ती ओव्हनमधली ताटली काढून पुढ्यात ठेवते
आणि काही विचारत नाही. एवढंच.
त्या पानाचा कोपरा
धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखा मऊ झालाय.

संध्याकाळी गायनवृंदाची तालीम होती.
मिरियमला काखोटीला मारून तळघरात उतरले,
पुस्तक खालच्या फळीवरून वरच्या फळीवर लावलं,
जरासं पुढे ओढून, तिला वाकायला लागू नये म्हणून.
माझी चाळीस पानं उरलीत.
मार्चमध्ये बघू.

घरी आले तर नूडल्स उतू गेलेल्या,
डेल फोनवर, कोल्टनचा एकच बूट दाराशी.
अंथरुणात वीस ऑगस्ट उघडलं.
प्रार्थना दोन ओळींची होती,
पहिलीवरच झोप लागली.